चुलीतून वाचवलेला कागद

आमच्या घरी कागदाचं शेवटचं ठिकाण ठरलेलं आहे, चुलीजवळचं बांबूचं टोपलं. जुना पेपर, पोरीच्या भरलेल्या वह्या, किराण्याच्या पुड्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, सगळं फिरून फिरून तिथंच येते. पहाटे सासूबाई त्यातला एक कागद उचलतात, बोळा करतात, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांखाली सारतात अन् काडी लावतात. गॅस आहे आमच्याकडे, पण आंघोळीचं पाणी चुलीवरच तापते, वावरातली पऱ्हाटी संपवायची असते नं. तर गेली चार वर्षं मी रात्री झोपायच्या आधी ते टोपलं एकदा चाळते आणि पाहिजे ते कागद काढून घेते. सरळ करते, उशीखाली दाबून ठेवते, मग एका जाड वहीत चिकटवते, रंगवते, कधी मशीनवर शिवते. याला आर्ट जर्नल म्हणतात, आणि कागद, कापड, रंग, दोरा असं सगळं एकाच पानावर आणलं की मिक्स मीडिया म्हणतात, हे मला मोबाईलवर व्हिडिओ पाहून कळलं. त्याच्याआधी मी फक्त चिकटवत होते.

मी ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. गाव वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुका, काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. आमचे हे वावर पाहतात. मुलगी सातवीत आहे.

सुरवातीला मीपण सगळे करतात तेच केलं, ऑनलाईन एक किट मागवलं. सातशे रुपयाचं, म्हणजे सात साध्या ब्लाऊजची शिलाई. त्यात पिवळट छापलेले जुन्या इंग्रजी पत्रांचे कागद, गुलाबाची स्टिकर, आयफेल टॉवरचे शिक्के, फुलपाखरं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण ते समोर पसरून बसले आणि एक तासभर हात चालेच ना. त्या पत्रात काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, ते शहर मी पाहिलेलं नाही, त्या गुलाबाचा वास कुणाचा ते सांगता येत नाही, मग पानावर माझं असं काय राहणार. तेवढ्यात यांनी शर्ट धुवायला टाकला, त्याच्या खिशात बियाण्याच्या पाकिटावरचा टॅग निघाला, दुमडलेला, एका कोपऱ्याला मातीचं बोट उमटलेलं. तो मी पहिल्या पानावर लावला. ते बोट अजून आहे तिथं.

म्हणून कुणी नवीन सुरू करणारं मला विचारते की ताई काय काय सामान घेऊ, तर मी म्हणते आधी आठ दिवस काहीच घेऊ नको, घरात कोणता कागद येते अन् जाते ते नुसतं पाहत राहा. माझ्या डब्यात आता काय आहे सांगू? कापसाच्या काट्याच्या म्हणजे वजनाच्या पट्ट्या, एसटीची तिकिटं, त्यात महिलांची अर्धी तिकिटंपण, ब्लाऊजचे जुने खाकी फर्मे ज्यावर गिऱ्हाईकांची मापं पेन्सिलीनं लिहिली आहेत, अगरबत्तीच्या पुड्याचा सोनेरी कागद, पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावतात ते बेगड, लेसचे तुकडे, अस्तराच्या कातरणी, पोरीच्या वहीतलं बाईंचं लाल शाईतलं 'छान'. जर्मनीत कुर्ट श्विटर्स म्हणून एक चित्रकार होता, तो १९१९ पासून ट्रामची तिकिटं, रद्दी पाकिटं, रस्त्यावर पडलेले कागद गोळा करून त्याची चित्रं करायचा. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मधे चित्रात पेपरचे तुकडे, भिंतीला लावायचे छापील कागद चिकटवले, तिथून कोलाज हा चित्रकलेतला प्रकार म्हणून मानला जाऊ लागला. म्हणजे तिकीट चिकटवणं हे पोरखेळ नाही, त्याला शंभर वर्षांच्या वरचा मान आहे, आणि हे मी आमच्या गल्लीत 'रिकामं काम' म्हणणाऱ्या प्रत्येकीला ठासून सांगते.

आता वहीबद्दल थोडं सविस्तर बोलते कारण इथंच बरेच लोक अडतात. दुकानात मिळणाऱ्या साध्या वहीचा कागद पातळ असतो. झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. वॉटर कलरचा चांगला कागद ३०० जीएसएमचा असतो, तो पाणी पिऊनही सरळ राहते पण महाग पडते. मी काय करते, जुन्या हिशेबाच्या वहीची दोन-दोन पानं मैद्याच्या खळीनं एकमेकाला चिकटवते, वरून पाट ठेवते, पाटावर तांदळाचा डबा, एक रात्र. सकाळी कार्डासारखं कडक पान तयार.

आणि एक गोष्ट मला शिलाईनं शिकवली. कापडाला जसा उभा आणि आडवा धागा असतो तसा कागदालापण असतो, मशीनवर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेनं लोळतात. पेपर वरून खाली फाडून पाहा, सरळ रेषेत फाटते, आडवा फाडा तर वाकडातिकडा जाते. वही बांधताना हा धागा पाठीच्या म्हणजे घडीच्या दिशेनं उभा आला पाहिजे, नाहीतर पानं उघडताना ताठ राहतात, घडीवर तडकतात, आणि खळ लावली की लाटांसारखी उठतात. ओळखायचं कसं, तर कागद न दुमडता हलकेच दोन्ही बाजूनं वाकवून पाहायचा, ज्या बाजूनं सहज वाकते तिकडची घडी बरोबर. पहिल्या वहीत मी हे पाहिलंच नव्हतं. ती वही आजपण नीट मिटत नाही, तिच्यावर वरवंटा ठेवावा लागते.

घड्या एकात एक घालायच्या, चार कागदाच्या, मधोमध तीन छिद्रं. सुई आतल्या बाजूनं मधल्या छिद्रातून बाहेर काढायची, वरच्या छिद्रातून आत, मग आतून लांब उडी मारून खालच्या छिद्रातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूला यायला पाहिजे, मग त्याच्यावरून गाठ. एवढंच. दोरा आधी मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्यायचा, गाठ सरकत नाही. गोधडी शिवणाऱ्या कोणत्याही बाईला हे एकदा दाखवा, दुसऱ्यांदा दाखवावं लागत नाही.

मशीनवर कागद शिवायचा असला तर सुई वेगळी ठेवा. कागदानं सुईची धार जाते, तीच सुई मग ब्लाऊजच्या रेशमी कापडाला लावली की धागे ओढले जातात, माझं एका गिऱ्हाईकाचं कापड असं खराब झालं होतं आणि भरून द्यावं लागलं. टाका मोठा ठेवायचा, चार नंबरवर. बारीक टाका घातला तर छिद्रं इतकी जवळ पडतात की पोस्टाच्या तिकिटासारखा कागद त्या रेषेवरून फाटून हातात येते.

खळ मी घरीच करते. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, गाठी न होऊ देता मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरं दूध पारदर्शक व्हायला लागलं की उतरवायचं. आमच्या लहानपणी बाबा पतंगाला हीच लावायचे. पण मैदा म्हणजे झुरळाचं जेवण. पहिल्या पावसाळ्यात माझ्या वहीच्या कडा कुरतडून टाकल्या त्यांनी. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, त्यानं कीड लागत नाही, पण ते विष आहे, घरात लहान पोर असलं तर मी म्हणेन त्या वाटेला जाऊच नका. मी आता बाहेरच्या कव्हरला अन् कडेला फेविकॉल वापरते, आतल्या पानाला खळ, आणि वहीच्या पेटीत कडुनिंबाचा वाळला पाला.

जेसो म्हणजे रंगाच्या आधी कागदावर द्यायचा पांढरा हात, त्यानं कागद रंग पिऊन टाकत नाही अन् वरचा थर धरून ठेवते. विकत घेतला तर महाग. मूळ इटालियनमधे जेसो म्हणजे जिप्समच, जुने लोक ते सरसात कालवून लाकडाच्या फळीला लावायचे. आणि शाळेतला खडूपण बहुतेक जिप्समचाच असते! मग मी खडूचे तुकडे खलबत्त्यात बारीक कुटते, पातळ कपड्यातून गाळते, फेविकॉल, थोडं पाणी आणि पांढरा ॲक्रिलिक रंग मिसळते. पातळ दोन हात द्यायचे, जाड एक हात दिला तर घडीवर भेगा पडतात. हे मिश्रण आठ-दहा दिवसाच्या वर ठेवत नाही, वास येते.

पावसाळ्यातलं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे पानं एकमेकाला चिकटणं. ॲक्रिलिक रंग वाळला असं वाटते, हाताला कोरडा लागते, पण दमट हवेत दोन रंगवलेली पानं समोरासमोर दाबली गेली की धरून बसतात. मी जुलै महिन्यात एकदा वही उघडली तर दोन पानं चर्र करून सुटली आणि एकीचा चेहरा दुसरीवर गेला. दोन महिन्यांची मेहनत होती, मी त्या दिवशी जेवले नाही. उपाय साधा आहे, पान पूर्ण वाळल्यावर त्याच्यावरून पांढरी मेणबत्ती हलकेच घासायची आणि फडक्यानं पुसायची, आणि दोन पानांच्या मधे बटर पेपर घालून ठेवायचा. उन्हाळ्यात उलटं, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते, खळ ब्रशवरच वाळते, तेव्हा मी काम पहाटे पाचलाच करते.

रंगांचं सांगायला बसले तर रात्र जाईल. फेब्रुवारी-मार्चमधे धुऱ्यावरचे पळस पेटतात, एक पान नसते झाडाला आणि नुसती केशरी फुलं. खाली पडलेलीच गोळा करते मी. वाळवून ठेवते, लागतील तशी उकळते, चिमूटभर तुरटी घातली की पिवळा, आणि खायचा चुना अगदी नखाच्या टोकाएवढा घातला की तोच रंग डोळ्यासमोर नारिंगी होते. पोरीला हे दाखवलं तर तिनं हळदीवर करून पाहिलं, ती चुन्यानं लाल झाली, तेव्हा तिला कुंकू कसं करतात ते कळलं. दोन्ही रंग उन्हात उडतात, म्हणून वहीच्या आतच बरे, भिंतीवर लावायच्या चित्राला नाही.

काळ्यासाठी बाभळीच्या शेंगा. त्या उकळल्या की तपकिरी पाणी सुटते, त्यात भरपूर टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असते. दुसऱ्या एका बाटलीत गंजलेले खिळे व्हिनेगरमधे आठ दिवस टाकून ठेवलेले. आधी कागदावर शेंगांचं पाणी फिरवायचं, वाळू द्यायचं, मग बारीक ब्रशनं लोखंडाचं पाणी. ब्रश फिरतो तेव्हा काहीच दिसत नाही, ओली रेघ नुसती, आणि तुम्ही पाहता पाहता ती करडी होते, मग काळी. लोखंड अन् टॅनिन मिळून जी शाई होते, त्याच जातीच्या शाईनं जगात शेकडो वर्षं दस्तावेज लिहिले गेले. तीच गोष्ट डिंकाची. वॉटर कलर बांधायला जो गम अरेबिक लागते तो आफ्रिकेतल्या बाभळीच्याच भाऊबंद झाडाचा, म्हणून मी आपल्या बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून रंगात घालते, काम होते. झाड वावराच्या कडेला, एक रुपया लागत नाही.

आता फोटोचं. हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडते. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले त्या वर्षी त्यांचा एकच बरा फोटो घरात होता, आधार कार्डावरचा सोडून. तो मी झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून आणला. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटच पाहिजे, त्याची पावडर प्लॅस्टिकसारखी असते, पाण्यात विरघळत नाही, इंकजेटची प्रिंट पुसून जाते. पानावर फेविकॉलचा एकसारखा थर दिला, फोटो पालथा ठेवला, तळहातानं दाबून हवा काढली, रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीत बसून ओल्या फडक्यानं पाठीमागचा कागद भिजवला आणि बोटानं घासायला लागले. कागद शेवयांसारखा वळून वळून निघते. सासूबाई तुरीची डाळ निवडत होत्या.

"काय घासून राहिली वं इतकं?"

"पाहा नं आत्याबाई, थांबा जरा."

आधी टोपीची कड आली. मग एक कान. मी घाई केली तर छिद्र पडते म्हणून गोल गोल, अगदी हलक्या हातानं. भुवई आली, तशी त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि जवळ सरकल्या. डोळे दिसले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्या वाटीतलं पाणी गढूळ झालं होतं ते उठून बदलून आणलं. नंतर म्हणाल्या, "चेहरा उलटा झाला. यायचा भांग डावीकडून होता." खरंच, पालथा ठेवला की चित्र आरशासारखं उलटं येते, आधी दुकानातच उलटी प्रिंट काढायला सांगावी लागते, मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ते पान मी बदललं नाही. पानावर वरून जुन्या फर्म्याची एक पट्टी लावली, त्यांच्या बंडीच्या मापाची, मीच घेतलेलं माप होतं, छाती छत्तीस.

त्याच पानाच्या पुढं मामाजींनी विकलेल्या शेवटच्या कापसाची काटापट्टी लावायची होती. ती मी जपून ठेवली होती, खास प्लॅस्टिकच्या पाकिटात, कपाटात. पावसाळा गेल्यावर काढली तर पट्टी कोरी. एक अक्षर नाही. आजकालच्या या पट्ट्या, एसटीची तिकिटं, एटीएमच्या पावत्या थर्मल कागदावर निघतात, त्यावर शाई नसतेच, कागदाच्या अंगातच न दिसणारा रंग बसवलेला असते आणि मशीनची गरम पट्टी लागली तेवढी जागा काळी होते. ऊन लागलं, तेलकट हात लागला, किंवा प्लॅस्टिकचं पाकीट लागलं तर अक्षरं उडून जातात. मी जपायला म्हणून ठेवली आणि त्या पाकिटानंच घात केला. म्हणून हात जोडून सांगते, थर्मल पावती हातात आली की त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून घ्या, झेरॉक्स टिकते, आणि मूळ पावतीला इस्त्री तर कधीच लावू नका, सगळी काळी होते.

मी ती कोरी पट्टी हातात घेऊन रडत होते तर सासूबाई आल्या. पाहिलं, म्हणाल्या, "कायले रडतं. अठरा क्विंटल साठ किलो. दोन किलो कडता कापला होता त्यायनं, अन् हे भांडले होते त्याच्यासाठी." तारीख माहीत नव्हती त्यांना पण संकष्टी होती एवढं सांगितलं, आणि गाडीत कोण कोण बसून गेलं होतं तेपण.

मग मी त्या पट्टीच्या पाठीला अस्तराचं सुती कापड चिकटवलं, कारण तो कागद इतका पातळ की सुईनं चिरला जाते, आणि वाळल्यावर हातानं लाल दोऱ्यानं टाके घातले, १८.६०. पूर्ण दुपार गेली. शून्य गोल यायला तीनदा उसवलं. पाठीमागं कडत्याचे, म्हणजे वजनातून कापलेले, दोन किलोपण घातले, बारीक, काळ्या दोऱ्यानं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मायलेकी वर्ध्याला मगन संग्रहालय पाहायला गेलो. मगनवाडीत १९३४ मधे गांधीजींनी सुरू केलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले, जे. सी. कुमारप्पा ते पाहायचे, आणि तिथं हातकागदपण बनायचा. संग्रहालय १९३८ मधे गांधीजींच्याच हातानं उघडलं. आपल्या जिल्ह्यात, एसटीनं जाता येते अशा जागी रद्दी अन् चिंध्यांचा कागद होत होता हे मला शाळेत कुणी नीट सांगितलंच नव्हतं. गांधीजी आलेली पाकिटं उघडून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे हे मात्र वाचलेलं होतं. तिथून आल्यावर पोरगी म्हणाली आपणपण बनवू. पोस्टानं आलेली पाकिटं ती आता फाडत नाही, चिकटवलेल्या कडा वाफेवर सोडवते, पूर्ण उघडलेलं पाकीट पसरलं की त्याचा आकार किती छान दिसते ते कधी पाहा.

कागद बनवायला आम्ही जुन्या खिडकीची जाळी लाकडी चौकटीला ठोकली. रद्दी एक दिवस भिजवली, मिक्सरमधे फिरवली, टबात पाण्यात सोडली, चौकट तिरपी बुडवून सपाट उचलली. पहिला कागद आला तेव्हा पोरगी नाचली. मग मला वाटलं घरात कापूस आहे तर कापसाचाच करू, आपल्या नोटापण कापसाच्याच कागदाच्या असतात, म्हणून तर खिशात राहून धुतल्या गेल्या तरी टिकतात. वेचणीचा कापूस सरळ मिक्सरमधे टाकला आणि लांब धागे पात्याला असे गुंडाळले की कात्रीनं कापून काढावे लागले, मिक्सर जळता जळता वाचलं. हातकागदाच्या कारखान्यात चिंध्या आधी बारीक कापतात आणि मग यंत्रात तासन्‌तास कुटतात, ते मिक्सरचं काम नाही. आता मी सुती कातरणी अन् दोऱ्याचे तुकडे नखाएवढे कापून रद्दीच्या लगद्यात मूठभर टाकते. कागदात लाल-हिरवे धागे दिसतात, कुणाच्या ब्लाऊजचे ते मला ओळखू येतात.

सासूबाईंना मी मेरी डेलानीची गोष्ट सांगितली होती. इंग्लंडातली बाई, १७०० सालचा जन्म, नवरा गेल्यावर वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या आसपास तिनं रंगीत कागद कापून फुलं करायला घेतली, काळ्या कागदावर, एकेका फुलाला शेकडो बारीक तुकडे, आणि दहा वर्षांत हजाराच्या जवळपास फुलं केली. नजर गेली तेव्हाच थांबली. आजपण ती ब्रिटिश म्युझियममधे आहेत. सासूबाईंनी एवढंच विचारलं, कात्री कोणती होती तिच्याकडे. बेगड कापण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, हे सांगायचं राहिलंच. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांद शेकायच्या सांजेला, त्या बेगडाचे पट्टे एका दमात कापायच्या, शिंगाच्या बुडाला रुंद अन् टोकाला निमुळते, मोजमाप न घेता, आणि शिंगावर बसले की एक सुरकुती नाही.

यंदा आमच्या दावणीला बैल नव्हते. उन्हाळ्यात सोन्या आणि त्याचा जोडीदार, दोघंही विकावे लागले, ट्रॅक्टर भाड्यानं घेतो आता. तरी आठवडी बाजारातून सासूबाईंनी सवयीनं बेगड आणलंच, लाल अन् सोनेरी. घरी आल्यावर पिशवी उघडून बसून राहिल्या. मी काही बोलले नाही, वहीचं एक पान उघडून समोर ठेवलं, बाभळीच्या शाईनं करडं केलेलं, आणि खळीची वाटी. बऱ्याच वेळानं त्यांनी कात्री घेतली. दोन पट्टे कापले, तसेच, बुडाला रुंद अन् टोकाला निमुळते, पानावर ठेवले, थोडे बाहेरच्या बाजूला वळवले, बोटानं खळ लावून बसवले. मग आणखी दोन, त्यांच्या बाजूला, जरा आखूड.

मी विचारलं, "आत्याबाई, खाली बैल काढू का मी पेन्सिलीनं?"

"नको. हे डावीकडचे सोन्याचे होय. शिंगं पायली की कळते."

बेगड वाळायला वेळ लागत नाही. तासाभरानं मी वरून बटर पेपर घातला आणि वही मिटून पाटाखाली ठेवली.